पेत्कानाच्या नावावरचा फोन

नेव्यानाचं टेबल खिडकीपाशी होतं, म्हणजे मानाचं. आम्ही बाकीच्या बायका कानाला यंत्र लावून शाळकरी पोरींसारख्या रांगेत बसायचो आणि दिवसभर म्हाताऱ्यांना वस्तू विकायचो. गुडघ्याचं मलम, बिनतेलाची भांडी, कंबरदुखीवरची गादी. व्रात्सा शहरातली कापडगिरणी बंद पडल्यावर बायकांना दुसरं काय उरलं होतं? एक तर इटलीत जाऊन परक्या म्हातारीची उशी सारखी करायची, नाहीतर इथं बसून आपल्याच म्हातारीला उशी विकायची. नेव्यानानं दोन्ही करून पाहिलं.

ती फोन करायची नाही. ती याद्या करायची. आमचा मालक व्हेंत्सी कुठून कुठून नावं विकत आणायचा. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, बाजारात बक्षिसाची लालूच दाखवून भरून घेतलेल्या चिठ्ठ्या, कुठल्याशा बुडालेल्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची नावं, सगळं एकात एक ओतलेलं. नेव्याना ते एक्सेलच्या शीटमध्ये घ्यायची आणि मसूर निवडावा तशी निवडत बसायची. एकच माणूस तीनदा आला असेल तर दोनदा खोडायचा. नंबराच्या सुरुवातीचं शून्य शीट गिळून टाकते, ते परत लावायचं. शेवटच्या रकान्यात आम्ही सांगू तो शेरा लिहायचा: ‘बहिरा’, ‘मुलगा उचलतो, शिव्या देतो’, ‘पुन्हा फोन नको’, ‘वारली’. ‘वारली’ लिहिलं की ती ओळ पुढच्या यादीतून आपोआप गळायची. ‘पुन्हा फोन नको’ लिहिलेली ओळ मात्र व्हेंत्सी तिला गाळू द्यायचा नाही. म्हणायचा, “माणसाचं मन बदलतं.”

पूर्वी याद्या गावांप्रमाणे असायच्या. आज हे गाव, उद्या ते. म्हातारे दोन वाक्यांत फोन आपटायचे आणि धंदा रडतखडत चालायचा. मग नेव्यानाच्या डोक्यातून ती नामदिवसाची कल्पना निघाली, आणि तिथूनच सगळं बिघडलं असं माझं मत आहे.

आमच्याकडे वाढदिवसाचं कौतुक पोरासोरांना. मोठ्या माणसाचा दिवस म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. टेबल मांडायचं, दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. येईल तो पाहुणा. आलेल्याला उंबऱ्यावरून परत लावायचं नाही, मग तो सात जन्मांचा वैरी का असेना. पण हल्ली खेड्यात येतो कोण? पोरं जर्मनीत, नातवंडं स्पेनमध्ये. म्हातारे सकाळपासून धुतलेला सदरा घालून मांडलेल्या टेबलापाशी बसतात, आणि एक डोळा फोनवर असतो. नेव्यानानं शीटमध्ये एक रकाना वाढवला. नावावरून संत, संतावरून तारीख. इव्हानच्या दिवशी सगळे इव्हान, मारियाच्या दिवशी सगळ्या मारिया, एका झटक्यात यादी तयार. त्या दिवशी फोन केला की म्हातारा पहिल्या घंटेला उचलायचा. बोलायला इतका आसुसलेला असायचा, की गादीच काय, गादीखालचा पलंगही घेतला असता. व्हेंत्सीनं नेव्यानाला खिडकी दिली ती यासाठी.

“लाज वाटत नाही का गं?” मी एकदा जिन्यात सिगारेट ओढताना तिला विचारलं. माझं तोंड फटकळ, सगळ्यांना ठाऊक आहे.

“वाटते,” ती म्हणाली. “पण झिव्का, निदान कुणीतरी फोन करतं ना त्यांना.”

हे ती मला सांगत नव्हती. स्वतःची समजूत घालत होती.

कारण तिचा स्वतःचा बाप असाच एक म्हातारा होता. दिमो मिहोव्ह, डोंगराच्या पोटातल्या दोल गावात एकटा राहायचा. नेव्याना इटलीत कामाला असताना तिची आई गेली. आमच्याकडे मयत दुसऱ्या दिवशी उचलतात. नेव्याना जिची देखभाल करायची त्या म्हातारीची मुलं सुटीला समुद्रकिनारी गेलेली, म्हातारीला एकटी टाकून निघणार कशी? ती पोचली तेव्हा मातीवरची फुलंसुद्धा सुकली होती. बाप फाटकातच उभा राहिला. म्हणाला, “तू दुसऱ्याच्या आईच्या उशाशी बसलेली होतीस. जा, तिथंच बस.” आणि फाटक लावून घेतलं.

त्यानंतर वर्षातून एकदा, संत दिमितरच्या दिवशी, ती त्याला फोन करायची; दिमो म्हणजे दिमितरच. नामदिवसाला आलेला फोन म्हणजेही पाहुणाच, तो ठेवून देता येत नाही. बाप उचलायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि ठेवायचा. पण गेल्या वर्षी त्यानं विचारलं होतं, “रात्री जेवतेस काय तिकडे? एकटीसाठी चूल पेटवतेस की नाही?” हे एवढंसं वाक्य नेव्यानानं वर्षभर पुरवलं. मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. तिला खात्री होती की यंदा तो ‘घरी ये’ म्हणणार.

“मग त्या दिवशी सरळ जाऊन उभी राहा की,” मी म्हणायचे. “हाकलता येणार नाही त्याला.”

“सणाच्या आडून नाही शिरायचं मला. त्यानं आपणहून बोलवायला हवं.”

अशी मानी. बापावरच गेलेली.

यंदा ऑक्टोबर उजाडला आणि तिनं सगळ्यात आधी याद्यांमध्ये बापाचं नाव शोधलं. आमच्यापैकी कुणी त्या घरी फोन करून गादीची टकळी लावावी हे तिला नको होतं. दिमो मिहोव्ह, दोल. कुठंच सापडलं नाही. त्या दिवशी तिनं मला मशीनमधली कॉफी पाजली, इतकी ती हलकी झाली होती.

दिमितरच्या आधी, त्याच महिन्यात, संत पेत्काचा दिवस येतो. त्या दिवशी यादीत सगळ्या पेत्का, पेत्काना आणि पेत्को. माझ्या शेजारी रादोस्तिना बसली होती. नवऱ्याला सोडून आलेली, कामावर नवी, म्हणून तिच्या फोनला दुसरं यंत्र जोडून मी ऐकायचे आणि शिकवायचे. व्हेंत्सी आमच्या पाठीमागे फेऱ्या घालत होता.

एका घरी फोन लागला. पुरुषाचा आवाज.

“पेत्काना मावशी आहेत का?” रादोस्तिनानं गोड आवाज काढला. “नामदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या.”

“कोण बोलतंय?”

“त्यांची आठवण काढणारी एक.” हे वाक्य व्हेंत्सीनं आम्हाला छापून दिलेलं होतं.

“आठवण काढणारी!” म्हाताऱ्याचा आवाज एकदम हलला. “अगं पोरी, तुला आठवण राहिली? गेली की ती. सकाळी एकटाच जाऊन मेणबत्ती लावून आलो. आज अख्ख्या गावात कुणाच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही बघ. थांब, थांब हं, खुर्ची ओढून घेतो.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “हां, बोल. कुणाची गं तू? पोस्टात यायचीस का तिच्याकडे? सगळ्या गावाची पत्रं वाचून दाखवायची ती.”

रादोस्तिनानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत व्हेंत्सीनं मागून हात घालून तिच्या समोरच्या कागदावर बोट आपटलं. पुढचं वाक्य.

“तर... मावशींच्या नामदिवसानिमित्त आमच्याकडून एक भेट आहे,” तिनं वाचलं. “कंबरदुखीवरची गादी, फक्त आजचा दिवस अर्ध्या किमतीत.”



“गादी,” म्हातारा म्हणाला. “ती कशावर झोपलीय, माहीत आहे तुला?”

मग काहीतरी ओढल्याचा, खरवडल्याचा आवाज झाला आणि फोन मेला.

रादोस्तिना कानावरचं यंत्र काढून ढसाढसा रडायला लागली. “रडायचं ते बाहेर,” व्हेंत्सी म्हणाला. “शेरा द्या आणि पुढचा लावा.” मग मीच खिडकीकडे ओरडून ओळीचा नंबर सांगितला. “नेव्याना, इथं ‘वारली’ लिही गं.”

नेव्यानानं ती ओळ काढली. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. तिचे हात कीबोर्डवर टेकले आणि तिथंच राहिले. एक शब्द लिहायचा होता. व्हेंत्सीनं दोनदा विचारलं, झालं का म्हणून. तिनं एकेक अक्षर दाबून तो शब्द लिहिला, उठली आणि जिन्यात गेली.

मी मागोमाग गेले. ती मोबाईलवरून पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होती. घंटासुद्धा वाजत नव्हती.

“बाबा होते ते,” ती म्हणाली. “फोन आईच्या नावावर आहे. ती पोस्टमास्तरीण होती, गावात पहिला फोन तिला मिळाला. झिव्का, मी दिमो शोधला. दिमो नाही म्हटल्यावर सुटले असं वाटलं मला. आईचं नाव शोधायचं डोक्यातच आलं नाही.”

“नंबर शोधायचास की! नंबर तर पाठ आहे तुला.”

“नावावरूनच यादी करते ना मी. नावावरूनच शोधलं.”

दुसऱ्यांचे मेलेले आठवणीनं गाळणारी बाई. पण आपली आई जिवंत माणसांच्या यादीत बसली असेल हे कुणाच्या मनात येईल? तिला जवळ घ्यावंसं वाटलं मला, पण ती तशी जवळ घेऊ देणारी नव्हती. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पुन्हा नंबर लावला.

बापाच्या दोलमधल्या शेजारीणबाईंकडून, रुसाआजीकडून, दुसऱ्या दिवशी कळलं. दिमोनं फोनची तार भिंतीतून उपटून काढली होती आणि यंत्र कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन ठेवलं होतं. तब्येत बरी आहे म्हणे. फक्त कुणाशी बोलत नाही.

म्हणजे दिमितरच्या दिवशी फोनची वाटही बंद. आता स्वतःच जायला हवं होतं, मान बाजूला ठेवून. त्या दिवशी मी माझी जुनी गाडी काढली, कारण त्या गावाला जाणारी बस केव्हाच बंद झाली होती, आणि नेव्यानाला एकटीला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. वाटेत तिला बजावलं, “हे बघ, यादीबिदीचं तिथं काढायचं नाही. काय साधणार आहेस सांगून? त्यानं जवळ घेतलं की गप घरात राहा.” ती मान हलवत होती. काचेवरून पाणी ओघळत होतं, वायपर एकच चालत होता.

फाटक उघडं होतं. दारही सताड उघडं. आत टेबल मांडलेलं, कोबीच्या पानातल्या सार्मी, लोणच्यातल्या मिरच्या, घरची वाइन. दिमोकाका धुतलेला सदरा घालून बसले होते आणि पाहुणी म्हणून एकटी रुसाआजी. नेव्याना उंबऱ्यावर थबकली.

“तुमचं नाव सुखानं मिरवा, बाबा,” ती म्हणाली. आमच्याकडे नामदिवसाला असंच म्हणतात.

म्हाताऱ्यानं तिचे चिखलाचे बूट पाहिले. मग म्हणाला, “बूट पुस आणि आत ये. आज सगळ्यांना उघडं आहे.”

मला वाटलं, एवढंच. सणापुरतं. पण त्यानं तिच्यासाठी स्वतः ताट वाढलं. वाइन ओतली, आधी मेलेल्यांसाठी सांडतात तसे चार थेंब जमिनीवर सांडले पेत्कानासाठी, मग प्याला उचलला. “सार्मी खाऊन बघ. मीठ बसलंय का सांग. मला समजत नाही आता.”

“बसलंय, बाबा.”

“खोटं बोलतेय,” रुसाआजी म्हणाली. “खारट झाल्यात. सकाळपासून पाणी पितेय मी.”

म्हातारा हसला. नेव्यानाही हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. अशी पन्नाशीची बाई, आणि बापाच्या टेबलाशी पोर होऊन बसलेली.

दुसरा प्याला झाल्यावर दिमोकाकांची जीभ सुटली. “फोन काढून टाकला मी,” ते सांगू लागले. “पेत्काच्या दिवशी एक बाई बोलली. माझ्या पेत्कानाचं नाव घेऊन. मला वाटलं, कुणाला तरी आठवण आली. खुर्ची ओढून बसलो मी, काय सांगू, अगदी मूर्खासारखा.” त्यांनी मान हलवली. “गादी विकत होती. पण एका परीनं बरंच झालं म्हणायचं. फोन नाही म्हणून तू स्वतः आलीस. त्या चोरांनी तेवढं एक पुण्य केलं.”

मी नेव्यानाच्या पायावर पाय ठेवला.

“मी काय म्हणतो,” म्हातारा टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत म्हणाला, “मागची खोली तशीच आहे. लाकडं भरून ठेवलीत. हिवाळ्यापुरती राहा. मग पुढचं पुढं. पण घरी ये.”

झालं. जे ऐकायला ती एवढी वर्षं झुरली, ते त्यानं म्हटलं. आपणहून, कुणी न मागता. तिनं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण, बाई, म्हण!

पण म्हातारा पुढे बोलला. “एकच मला कळत नाही. त्यांना तिचं नाव दिलं कुणी? कुणीतरी बसून लिहिलं असणार ना? पेत्काना मिहोवा, दोल. माणसाचाच हात असणार की तो. मेलेल्या बाईचं नाव लिहिताना थरथरला नसेल का तो हात?”

नेव्यानानं काटा खाली ठेवला. तिचा पाय माझ्या पायाखालून निघून गेला.

“माझा होता, बाबा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याला आणि रुसाआजीला काही समजलं नाही. मग तिनं सांगितलं. यादी, नामदिवसाचा रकाना, दिमो शोधला ते, आई शोधली नाही ते. काही लपवलं नाही. उलट जे विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की ही युक्तीच तिची, की सगळ्या जिल्ह्यातले म्हातारे असे खुर्च्या ओढून बसतात आणि ते तिच्यामुळे. मला तिचा इतका राग आला होता त्या वेळी! आणि कळतही होतं. त्या मागच्या खोलीत हे पोटात ठेवून ती एक रात्रही झोपू शकली नसती.

“आणि आता?” म्हाताऱ्यानं विचारलं. “आता काय लिहिलंय तिच्या नावापुढं?”

“वारली.”

“तूच लिहिलंस?”

“मीच.”

“मातीला नव्हतीस,” तो हळू म्हणाला. “आणि हे लिहायला होतीस.”

रुसाआजीनं छातीवर क्रुसाची खूण केली. दिमोकाका उठले. मला वाटलं, आता ओरडणार, ताट भिरकावणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ओरडलेला माणूस नंतर शांत होतो. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, “आज मला कुणाला घराबाहेर काढता येत नाही.”

आणि स्वतः बाहेर गेले.

फाटकाच्या आत एक लाकडी बाक होता, त्यावर जाऊन बसले. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. नेव्याना दारात उभी राहून हाका मारत होती. “बाबा. बाबा, आत या.” त्यांनी मान वळवली नाही. ती कोट घेऊन गेली, तो त्यांनी घेतला नाही. तिनं खांद्यावर टाकला, तो त्यांनी काढून बाकावर बाजूला ठेवला, घडी घालून. ती चिखलात उभी राहिली, मग परत आली आणि काही सुचेना म्हणून भांडी घासायला लागली.

मग मी गेले. मी परकी, माझ्याशी तरी बोलतील. “काका, असं करू नका. तिला चूक कळलीय. तुम्ही आजारी पडाल.”

“पाहुणे गेले की येतो मी आत,” ते माझ्याशी अगदी अदबीनं बोलले. “तुम्ही सावकाश जेवा. घाई नाही.”

त्यांचे ओठ निळे पडले होते.

मी आत जाऊन नेव्यानाला ते सांगितलं. ती पेत्कानाचा निळा कप धूत होती, धुऊन झालेला पुन्हा धूत होती. “मी थांबते,” ती म्हणाली. “कधीतरी येतीलच. रात्र झाली की येतील. मी थांबते, झिव्का, तू जा.”

“नाही यायचा तो,” रुसाआजी म्हणाली. “मी साठ वर्षं बघतेय त्याला. तू बसलीस तर तो सकाळपर्यंत बसेल तिथं. ठेव तो कप, पोरी. भिजतोय तो.”

नेव्यानानं कप ठेवला. हात पुसले. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, पण उघडून बघायला गेली नाही. बापाला पावसातून आत आणायचं तर तिनं निघून जायला हवं होतं, दुसरा काही उपाय शिल्लक नव्हता, आणि ते तिला माझ्याआधी कळलं असावं. बाकाजवळून जाताना ती थांबली. म्हातारा समोर रस्त्याकडे बघत होता. मग ती गाडीत जाऊन बसली.

मी गाडी सुरू केली आणि वळणापर्यंत नेली. नेव्याना मागे वळून काचेतून बघत होती. मी विचारलं, “गेले का आत?”

“गेले,” ती म्हणाली. “दार लावून घेतलं.”